शिरूरचं सासर, दौंडचं माहेर

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत एसटी थांबली, प्रवासी रेल्वे थांबली. एरवी रात्रंदिवस गजबजणारं दौंड जंक्शन सुनं पडलं. शिरूरच्या एखाद्या वस्तीवर मार खाणाऱ्या बाईची माहेरची वाटच बुजली.

एप्रिलमध्ये पुणे जिल्हा परिषदेनं बजावलं: बायकोला मारणाऱ्याची रवानगी विलगीकरण कक्षात होईल. घर सोडायचं ते त्यानं, तिनं नव्हे. हा विचार फार मोलाचा होता.

पण जी बाहेर पडलीच, तिचं पुढं काय? 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्या पाठीशी आहे. ती दौंडला भावाकडे तात्पुरती राहत असली तरी अर्ज तिथल्याच न्यायालयात करता येतो. शिरूरला खेटे घालावे लागत नाहीत. खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन, सगळं त्याच अर्जात मागता येतं. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांची वाट पाहणं जीवघेणं होतं.

तोवर जगणं अडतं कागदांवर. रेशनकार्डावर नाव सासरी, आधारकार्ड नवऱ्याच्या कपाटात, पोराचा दाखला तिकडेच. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात. विधी सेवा समितीकडून वकीलही मोफत मिळतो. त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही.