बांबूचे पहिले धनुष्य

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत हस्तव्यवसाय म्हणून जी कामे घेता येतात, त्यांत धनुष्य हे दिसावयास सोपे, परंतु पुष्कळदा पहिल्या ताणासरशी मोडणारे काम होय. दोष बहुधा बांबूचा नसतो; तो कोठे तासावा व कोठे तासू नये, याचा विचार झालेला नसतो.

धनुष्य वाकले म्हणजे त्याची पाठ, अर्थात नेम धरणाऱ्यापासून दूरची बाजू, ताणली जाते आणि पोट दाबले जाते. बांबूचे चिवट धागे बाहेरच्या सालीलगत सर्वांत दाट असून आत ते विरळ होत जातात. म्हणून साल पाठीवर राहावी व तिला सुरीचा ओरखडाही लागू नये. जाडी कमी करावयाची ती पोटाच्या बाजूनेच. सातपुड्यातील भिल्लांना सालीचा हा गुण चांगला ठाऊक आहे. त्यांच्या धनुष्याची दोरीदेखील पुष्कळदा बांबूच्या चोयेचीच असते.

मानवेल जातीचा, तीन वर्षांहून जून व सावलीत वाळलेला बांबू घ्यावा. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी सुमारे १२० सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर रुंद फाक कोयत्याने काढावी. मध्यभागी मुठीसाठी १० सेंटिमीटर भाग जाड ठेवून टोकांकडे रुंदी निम्मी करीत न्यावी. दोरीच्या खाचा कानशीने कडांना पाडाव्या, पाठीवर नव्हे.

यापुढील काम मात्र कसोटीचे आहे. मूठ भिंतीतील जाड खुंटीवर टेकवून सैल बांधलेली दोरी एकाने हळूहळू खाली ओढावी आणि दुसऱ्याने चार पावले दूर उभे राहून दोन्ही बाजूंचा बाक पाहावा. जो भाग सरळच राहतो त्यावर पोटाच्या बाजूने कोळशाची खूण करावी व केवळ तेथेच सुरीच्या धारेने खरवडावे. जो भाग अधिक वाकतो त्यास हात लावू नये. तो दुरुस्त करण्याचा मार्ग म्हणजे बाकीचे सर्व त्याच्या बरोबरीस आणणे. येथे गणिताचाही उपयोग होतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी १० वरून ९ मिलिमीटर केली, तर १००० भागांपैकी ७२९ भागच ताठपणा उरतो! एक मिलिमीटरने एवढा फरक पडतो, म्हणून मुलांच्या हाती या वेळी रंधा न दिलेला बरा.

प्रत्येक वेळी खरवडल्यावर धनुष्य वीस-पंचवीस वेळा थोडे थोडे वाकवून मगच पुन्हा पाहावे, कारण बांबू नवा बाक सावकाश दाखवितो. बाक असमान असेपर्यंत ओढ वाढवू नये. अखेरीस ४५ सेंटिमीटर ओढ पुरेशी समजावी.

दोरी आंबाडीची किंवा सणाची, घट्ट पिळाची असावी. चढविल्यावर ती मुठीपासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर राहते. बाण बोथट टोकाचे असावेत व लक्ष्याच्या मागे कोणी उभे राहू नये. बाण न लावता दोरी सोडण्याची मुलांना भारी हौस असते. परंतु बाणात जावयाचा जोर तेव्हा धनुष्यातच राहतो व चांगले धनुष्यही तडकते. खेळ संपताच दोरी उतरवून ते सावलीत आडवे ठेवावे.