आठवड्याला पन्नास ग्रॅम कलेजी

मेंढीच्या साध्या मांसात, म्हणजे मांडी-खांद्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात, पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. दिलात ४.६, गुर्द्यात ६.४, फुफ्फुसातही ६.४, कलेजीत ७.४. आणि पाणथरीत, जिला खाटीक तिल्ली म्हणतो, ४१.९. हा आकडा छपाईची चूक नाही. शरीरातल्या म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी पाणथरीत मोडल्या जातात आणि त्यांतलं लोह तिथे साठून राहतं. हे आकडे अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटकांच्या तक्त्यातले आहेत. आपली मेंढी माळावर चरणारी, तिची जात, वय, चारा सगळं वेगळं. त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, उतरंड मात्र हीच राहील.

या उतरंडीकडे मी इतक्या बारकाईने पाहते, त्याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. आधीच्या फेरीत, २०१५–१६ मध्ये, हे प्रमाण ४८ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेलं. घरात कोणाला अशक्तपणा आला, की वडीलधारी बाई सांगते, 'कलेजी खाऊ घाल, रक्त वाढेल.' हा सल्ला खोटा नाही. पण तो तराजूत घालून पाहिला, तर जे दिसतं ते मला तरी अनपेक्षित होतं.

आधी लोहाचा हिशोब. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलं. आकडा एवढा मोठा, कारण भात, भाकरी, डाळीच्या जेवणातलं फक्त ८ टक्के लोह अंगी लागतं असं त्यात धरलं आहे. म्हणजे रक्तात प्रत्यक्ष उतरायला हवं ते दिवसाला सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम. आता ५० ग्रॅम कलेजी घ्या. तिच्यात ३.७ मिलिग्रॅम लोह. कलेजीतलं बरंचसं लोह साठवणीच्या रूपात असतं, रक्तातल्या लोहासारखं ते चटकन शोषलं जात नाही. तरी उदार होऊन वीस टक्के धरले, तर पाऊण मिलिग्रॅम मिळतं. एका दिवसाच्या गरजेचा जेमतेम तिसरा हिस्सा. आठवड्यातून एकदा खाल्लेल्या कलेजीने लोहाची तूट भरत नाही.

तेवढीच पाणथरी घेतली तर २१ मिलिग्रॅम लोह येतं. तेही साठवणीचंच, म्हणून दहाच टक्के धरू. दोन मिलिग्रॅम उतरले. दिवसाची गरज जवळपास भागली. रक्तीचा, म्हणजे शिजवून खायच्या रक्ताचा, हिशोब तर आणखी सरळ आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं आणि मेंढीच्या १०० मिली रक्तात दहा-अकरा ग्रॅम हिमोग्लोबिन सहज असतं. म्हणजे १०० मिलीला ३५ मिलिग्रॅमच्या घरात लोह, आणि तेही सगळं रक्तातल्या रूपातलं. मांसातल्या या प्रकारच्या लोहाचं शोषण १५ ते ३५ टक्के होतं. खालचा आकडा धरला तरी ५० ग्रॅम रक्तीतून अडीच मिलिग्रॅम मिळतात. कोल्हापूरकडे रक्ती-मुंडी आवडीने खातात, पण शहरातल्या किती घरांनी कढईत रक्ती शिजवली असेल? मटणाच्या दुकानात मागितली जाते ती कलेजीच. पाणथरी कलेजीला चिकटून आली तर आली.

मग कलेजीची एवढी ख्याती कशासाठी? ब-१२ साठी. १०० ग्रॅम कलेजीत ९० मायक्रोग्रॅम ब-१२ असतं. प्रौढाची रोजची गरज २.२. साध्या मांसात अडीचच्या आसपास, दिलात १०, गुर्द्यात ५२. या एका बाबतीत कलेजीजवळ कोणी येत नाही. आणि महाराष्ट्राला हे जीवनसत्त्व हवंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी निघालं. मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये.

कलेजी आणि रक्त यांचं नातं विज्ञानाला कळलं तेही जरा आडवळणाने. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना पांडुरोग आणला आणि कलेजी खाऊ घातल्यावर ते भराभर सुधारतात असं पाहिलं. त्यावरून जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये जीवघेण्या पांडुरोगाच्या ४५ रुग्णांना रोज १२० ते २४० ग्रॅम कलेजी देऊन उभं केल्याचं जाहीर केलं. तोवर त्या रोगावर इलाज नव्हता. १९३४ चं नोबेल तिघांना मिळालं. पुढे कळलं, की कुत्र्यांना गुण आला तो लोहाने आणि माणसांना ब-१२ ने. हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आलं १९४८ मध्ये. त्या रुग्णांच्या जठरात ब-१२ धरून ठेवणारं प्रथिनच तयार होत नसे, त्यामुळे खाल्लेल्यातलं फार तर एक टक्का शोषलं जाई. मेंढीच्या कलेजीचा आकडा धरला, तर २४० ग्रॅममधून २१६ मायक्रोग्रॅम, त्याचा एक टक्का म्हणजे दोन. माणूस जगवायला पुरेसे. इतकी कलेजी रोज का गिळावी लागत होती, ते या एका गुणाकारात दिसतं.

या कथेचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगारांच्या घरांतल्या गरोदर बायकांना होणारा एक तीव्र पांडुरोग त्यांना समजून घ्यायचा होता. कलेजीच्या साध्या अर्काने गुण येत होता, पण तो महाग. यीस्टच्या स्वस्त अर्कानेही तोच गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट. ते १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आज गर्भवतीला मिळणाऱ्या लोह-फोलिक गोळीतल्या 'फोलिक'चं मूळ मुंबईतल्या त्या बायकांच्या रक्तात आहे. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आता पन्नास ग्रॅमच का, ते सांगते. कारणं दोन आहेत.

पहिलं कारण शोषणाचं. निरोगी आतडं एका जेवणातून दीड-दोन मायक्रोग्रॅम ब-१२ नीट शोषतं. त्यावरच्या भागातलं फक्त एक टक्का आत जातं. रविवारी पाव किलो कलेजी एकट्याने संपवली, तर त्यातल्या २२५ मायक्रोग्रॅममधले चारच अंगी लागतात. तेवढेच चार, २५ ग्रॅमचा छोटा वाटा आठवड्यात दोनदा खाल्ला तरी मिळतात. आठवड्यात प्रत्यक्ष अंगी लागायला हवं त्या ब-१२ चा निम्मा भाग या दोन वाट्यांनी भरतो, उरलेला दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतो.

दुसरं कारण जीवनसत्त्व अ. १०० ग्रॅम कलेजीत ते सुमारे ७,४०० मायक्रोग्रॅम असतं. स्त्रीला रोज ८४० लागतं, आठवड्याला ५,८८०. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये आठवड्याहून जास्त, पन्नासमध्ये आठवड्याचा साठ टक्क्यांहून थोडा अधिक भाग. रातांधळेपणावर सुश्रुतसंहितेने बोकडाचं यकृत सांगितलं ते याच बळावर, जरी तेव्हा जीवनसत्त्वाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. पण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं, यकृतात साठत जाणारं. दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम ही प्रौढासाठी वरची मर्यादा मानतात. सवयीने रोज त्याच्या वर जाणं बरं नाही. गर्भारपणात ही मर्यादा ओलांडण्याचा धोका पोटातल्या बाळाला असतो, म्हणून ब्रिटनमध्ये १९९० पासून गर्भवतींना कलेजी खाऊच नका असं सांगितलं जातं. आपल्याकडे नेमकं उलट होतं, दिवस गेले की सासू मायेने कलेजी करून घालते. त्या मायेला दिल किंवा साधं मटण शिजवायला सांगावं, आणि गोळी चुकवू नये. दोन वर्षांच्या मुलालाही आठवड्याला सुपारीएवढा तुकडा पुरे. त्याची रोजची गरज ३९० मायक्रोग्रॅमचीच आहे.

भेज्याचंही सांगून टाकते. १०० ग्रॅमला १,३५० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. कधीतरी चवीसाठी ठीक, हृदयाचं दुखणं असलेल्याने टाळावा. गाऊट असेल तर कलेजी-गुर्दा नको, आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाने पाणथरी-रक्तीला हातही लावू नये. त्याच्या शरीरात लोह आधीच साचत असतं.

दिल आणि कलेजी हे शब्द मी मुद्दाम वेगळे वापरते आहे. मराठीत धडधडतं ते काळीज, पण खाटकाकडे कलेजी म्हणजे यकृत. 'काळीज द्या' म्हटलं तर तो विचारतो, 'दिल का कलेजी?'

शिजवण्याचं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे, अवयवात चिवट तंतू किती. कलेजीत ते फार थोडे. तिला वेळ दिला की ती मऊ होत नाही, घट्ट होते. म्हणून कलेजी कुकरला लावणं मला पटत नाही. वरचा पातळ पापुद्रा सोलायचा, नळ्या कापून टाकायच्या, इंचभराचे तुकडे करायचे. कांदा लालसर झाला की आलं-लसूण, हळद, कांदा-लसूण मसाला, मग तुकडे, मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून ती उकडल्यासारखी होते. एक तुकडा मोडून पाहायचा, आत लाल ओघळ दिसता कामा नये. ७१ अंशांपर्यंत पोचलेली कलेजी तपकिरी असते, पण दाबली तर अजून नरम लागते. तिथेच गॅस बंद.

जास्त शिजवण्याने चवीबरोबर आणखीही काही जातं. कच्च्या कलेजीत १०० ग्रॅमला २३० मायक्रोग्रॅम फोलेट असतं. पाण्यात मंद शिजवलेलीत ७३ उरतं, आणि शिजताना वजन घटलेलं असतं, म्हणजे खरी घट त्याहून मोठी. ब-१२ चिवट आहे, ९० वरून ७६ वर येतं. फोलेटचा काही भाग आचेने नष्ट होतो, काही पाण्यात उतरतो. रस्सा केला असेल तर तो भाकरी कुस्करून संपवावा, ओतून देऊ नये.

वजडी आणि पाये याच्या अगदी उलट. त्यांत चिवट तंतू भरपूर, ते विरघळायला वेळच लागतो. वजडी गरम पाण्यात घालून, चुना लावून, सुरीने खरवडून पांढरी करायची, चार-पाच पाण्यांतून काढायची, मग हळद-मीठ घालून शिट्ट्या. त्यानंतर भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. वजडीत प्रथिनं चांगली, लोह अगदी थोडं. पाये विस्तवावर भाजून, केस खरवडून, मंद आचेवर पाच-सहा तास. तो चिकट रस आजाऱ्याला आधार देतो हे खरं, पण हाडांतलं कॅल्शियम त्यात फारसं उतरत नाही. गुर्दा मधोमध चिरून आतली पांढरी गाठ काढली की उग्र वास जातो. पाणथरीचा पोत कलेजीसारखाच, म्हणून मी ती बारीक चिरून कलेजीतच घालते. वेगळी करून वाढली तर मुलं नाक मुरडतात.

लोहासाठी खाणार असाल तर सोबतीला बाजरीची भाकरी आणि लिंबू. बाजरीच्या पिठात १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमवर लोह असतं, पण ते बांधलेलं. ताटात मांसाचा तुकडा आणि लिंबाचा रस असला की भाकरीतलं लोहही जास्त सुटतं. चहा मात्र तासाभराने.

घेताना कलेजी एकसारखी गडद, चकचकीत असावी. पाण्याने भरलेले पांढरे फोड किंवा आतल्या नळ्यांत चपटे किडे दिसले तर ती कलेजी घेऊ नये. असे फोड फुफ्फुसातही येतात. ते कच्चं फुफ्फुस दारातल्या कुत्र्याला टाकायची सवय अनेक गावांत आहे, ती घातक आहे. फोडातल्या अळ्या कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर आणि मुलांच्या हातांवर येतात, आणि तोच फोड माणसाच्या यकृतात वाढतो. खराब अवयव जाळावा किंवा खोल पुरावा.

त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के स्त्रियांनी आठवड्याला एकदा तरी मासे, कोंबडी किंवा मटण खाल्ल्याचं नोंदवलं आहे. हे अंतर आहे ते ताटाचं. आणि कलेजीचे तुकडे तर पातेलं चुलीवरून उतरण्याआधीच बैठकीत पोचलेले असतात. पंचवीस-तीस किलोच्या मेंढ्याची कलेजी अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे दहा माणसांचा आठवडा. आमच्याकडे कलेजी शिजली की वाढण्याआधी मी दोन वाट्या झाकून ठेवते, एक सुनेची, एक भांडी घासायला येणाऱ्या मावशींची.