दिवसा नोकरी, रात्री अभ्यास : सीमाभागाला शिकलेला ग्रंथपाल हवा

सीमाभागात साहित्य संमेलनांना तोटा नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांची दुकाने लागतात आणि गावच्या वाचनालयात नव्या पुस्तकांची भर पडते. मांडव उतरल्यावर त्या पुस्तकांचे पुढे काय होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. पुस्तक कपाटात गेले, पण मागणाऱ्याच्या हाती पडले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. ते मागणाऱ्याच्या हाती देणारा जो माणूस, त्याच्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे.

हा माणूस आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात तो परिचर असतो, नाही तर गावच्या वाचनालयात देवघेव सांभाळतो. कोणते पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे त्याला तोंडपाठ असते. पण बढतीची वेळ आली की प्रश्न येतो, ‘सर्टिफिकेट आहे का?’ मग चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ, किंवा दोन मुलांची आई असलेली ही बाई, मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणते.

यात कमीपणा कसला? आधी नोकरी आणि मग शिक्षण हा या व्यवसायातला जुनाच रिवाज आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांच्यापाशी ग्रंथालयाचे कोणतेही शिक्षण नव्हते. नेमणूक झाल्यावर ते लंडनला जाऊन शिकून आले आणि १९३१ साली त्यांनी आपली प्रसिद्ध पंचसूत्रे मांडली. त्याही आधी, १९१० साली, सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. १९११ साली तेथे ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. आपले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर १८४८ सालचे. परंपरा आपल्या दाराशी आहे, पण ती चालवणारी माणसे शिकलेली असावीत याकडे आपले लक्ष नाही.

अर्ज कोठे भरावा?

सीमेवरच्या माणसाला पहिली अडचण येते ती इथेच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा (स्थापना १९८९) भर मराठीतून शिकवण्यावर आहे. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाची केंद्रे त्या राज्यातच असतात. म्हणजे खानापूरच्या माणसाला सीमा ओलांडणे आले. म्हैसूरचे मुक्त विद्यापीठ (१९९६) आपल्या राज्यात, पण तेथे मराठी नाही. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ (१९८५) देशभर चालते. त्याचा ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम १९८९ पासून आहे. पण तेथे पुस्तके इंग्रजीतून किंवा हिंदीतून वाचावी लागतात. कोठेही जा, त्या वर्षापुरती अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, एवढे पाहूनच पैसे भरा. जाहिरातीवर विसंबून फसू नका.

परीक्षा आणि पेरणी

इंदिरा गांधी विद्यापीठात शेकडा ३० गुण घरी लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना आणि ७० गुण लेखी परीक्षेला. परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. शहरातल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण जून म्हणजे मृगाचा पाऊस, भाताच्या रोपाची तयारी आणि शाळा-कॉलेजांतली प्रवेशाची गर्दी. डिसेंबर म्हणजे सुगी आणि मळणी. ज्याच्या घरी चार गुंठे तरी जमीन आहे, त्याला दोन्ही वेळा अडचणीच्याच. म्हणून आमचे सांगणे असे की, सगळे विषय एकदम उरकण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन विषय एका वेळी घ्यावेत आणि स्वाध्याय मुदतीच्या महिनाभर आधी लिहून मोकळे व्हावे. मुदत टळली की शेकडा ३० गुणांचे काम पुढच्या खेपेवर जाते.

नोकरी करून शिकणाऱ्याचा एक मोठा फायदाही आहे. इतर विद्यार्थी जे पुस्तकात वाचतात, ते याच्या टेबलावर रोज घडत असते. दाखल नोंदवही, देवघेव, कसर लागलेली पुस्तके हे सारे त्याला सवयीचे. अडतो तो वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकापाशी. ड्युई यांनी १८७६ साली काढलेल्या दशांश पद्धतीची २०११ सालची तेविसावी आवृत्ती चार जाडजूड खंडांची आहे. ती गावच्या वाचनालयाला परवडणारी नव्हे. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विनंती करून रविवारी किंवा सुटीच्या दिवशी तासभर ते खंड चाळावेत, आणि रोज आपल्याच कपाटातली दहा पुस्तके घेऊन त्यांचे अंक काढून पाहावेत. यासारखा सराव नाही.

मराठी पुस्तकाचे घर

या अंकांत आपल्या भाषेचे घरही आहे. ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ वर. भाषाकुळे वेगळी, पण लहान ग्रंथालयात या दोन फळ्या जवळजवळच येतात. ज्या गावात दोन्ही भाषा नांदतात, त्या गावच्या ग्रंथपालाला दोन्ही फळ्या नीट लावता आल्या पाहिजेत.

आणि मराठी फळी लावायला मराठी जाणणाराच हवा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, गोविंदाग्रज म्हणजेच गडकरी, हे ज्याला ठाऊक नाही तो एकाच लेखकाची पुस्तके दोन ठिकाणी ठेवील आणि पाहा-नोंदही करणार नाही. हिंदी कोशात ‘क्ष’ हा ‘क’मध्येच सापडतो, मराठी कोशात तो बहुधा शेवटी असतो. हिंदी पुस्तकांतून शिकणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. संगणकावर नोंदी करताना जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी नाव शोधात सापडत नाही, युनिकोडमध्येच टंकावे. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यात जमा असते, आणि आमच्या भागात हरवलेले जुने मराठी पुस्तक पुन्हा मिळणे कठीण.

समित्यांचे काम

चंदगडच्या वाचनालयाला मान्यता असेल तर महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू शकते. तो कायदा सीमेपाशी थांबतो. कर्नाटकाच्या १९६५च्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला, आणि त्यातून मुख्यतः शासनाची स्वतःची ग्रंथालये चालतात. त्यामुळे आपली गावची वाचनालये वर्गणीवर आणि देणग्यांवरच जगतात. मग आपल्या माणसाच्या शिक्षणाचा भारही आपणच उचलायला हवा.

यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. संमेलनाच्या जमाखर्चात हारतुरे आणि मानचिन्हे यांच्यावर जे जाते, त्यातला थोडा भाग एका कर्मचाऱ्याच्या फीसाठी काढून ठेवावा. परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा द्यावी, संपर्क वर्गाला जायचे एस. टी.चे भाडे द्यावे. शिकल्यावर तो दुसरीकडे जाईल ही भीती असेल तर दोन-तीन वर्षे राहण्याचा लेखी करार करावा, आणि पगारही त्या मानाने वाढवावा. शिकलेल्याला जुन्याच पगारावर ठेवायचे आणि तो गेला म्हणून नावे ठेवायची, हे बरे नव्हे.

गावची मराठी शाळा टिकावी म्हणून आपण झटतो. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला वाचायला पुस्तक हवे आणि ते शोधून देणारा माणूस हवा. प्रत्येक वाचनालयाने येत्या प्रवेशाच्या आत आपला एक माणूस निवडावा आणि त्याचा अर्ज भरून द्यावा, एवढीच आमची सूचना आहे.