पुणे–दिल्ली हवाई अंतर आणि उड्डाणकाल : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :
पुण्याहून दिल्लीस परिषदेसाठी वा आयोगाच्या बैठकीसाठी जाणारा प्राध्यापक वेळापत्रकात दोन ते सव्वादोन तासांचा प्रवास पाहतो. नकाशावरील अंतरास विमानाच्या वेगाने भागले असता मात्र दीड तासही होत नाही. ही तफावत कोठून येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भूगोलाच्या वर्गात अंतर शिकविले जाते, काल मात्र गृहीत धरला जातो. म्हणूनही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

अंतराची गणना :
लोहगाव विमानतळ सुमारे 18°35′ उत्तर अक्षांश व 73°55′ पूर्व रेखांशावर, तर दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ 28°34′ उत्तर व 77°06′ पूर्व येथे आहे. पृथ्वी गोलाकार असल्याने दोन स्थळांमधील लघुतम मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. या दोन स्थळांमधील कोनीय अंतर सुमारे 10.4 अंश येते. एका अंशास 111.2 कि.मी. धरल्यास हे अंतर सुमारे 1,156 कि.मी. होते. लोहमार्गाने तेच अंतर दीड हजार कि.मी.हून अधिक आहे.

काल का वाढतो :
ताशी 830 कि.मी. वेगाने हे अंतर सुमारे 84 मिनिटांत कापले जाईल. परंतु विमान हा वेग केवळ उंचावर गाठते; चढताना व उतरताना तो बराच कमी असतो. मुंबई–पुणे हवाई अंतर अवघे सव्वाशे कि.मी. असल्याने तेथे तर विमान पूर्ण उंची गाठण्यापूर्वीच उतरू लागते.

वाऱ्याचा परिणामही लक्षणीय आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमी झोतवारे वाहतात. दिल्लीचा मार्ग उत्तरेच्या किंचित पूर्वेस, सुमारे 16 अंश कललेला आहे. पश्चिमेकडून ताशी 100 कि.मी. वारा वाहत असल्यास त्याचा केवळ 28 कि.मी. अंश जाताना साहाय्यक व परतताना विरोधी ठरतो. उर्वरित वारा आडवा असल्याने विमानास नाक किंचित पश्चिमेकडे ठेवावे लागते. हिशेब केल्यास जाताना सुमारे 81 व परतताना 87 मिनिटे येतात. कोलकात्याच्या, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम मार्गावर हा फरक साहजिकच अधिक असतो.

याशिवाय वेळापत्रकातील काल हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून गंतव्यस्थानी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतचे मार्गक्रमण, उड्डाणाची प्रतीक्षा आणि दिल्लीच्या आकाशातील घिरट्या या सर्वांची तरतूद त्यात केलेली असते. विमान ‘वेळेपूर्वी’ पोहोचल्याची घोषणा होते, ती बहुधा या तरतुदीमुळेच.

लोहगावची विशेष स्थिती :
लोहगाव हा 1939 पासूनचा हवाई दलाचा तळ असून नागरी वाहतूक त्याच एका धावपट्टीवर होते. 2020 च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी ती रात्री बंद ठेवण्यात आली, आणि 16 ते 29 ऑक्टोबर 2021 या काळात नागरी उड्डाणे पूर्णतः थांबली. त्या पंधरवड्यात पुणेकर प्रवाशाला आधी रस्त्याने मुंबई गाठणे, हाच बहुधा पर्याय होता. जुलै 2024 मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. त्यामुळे प्रवाशांची इमारतीतील गर्दी विभागली गेली, धावपट्टी मात्र एकच राहिली.