चित्रातून अक्षर : अकोट ते बँकॉक

अंकलिपी : अक्षरे, अंक, पाढे यांचे पातळसे पुस्तक. अकोटचे पोरही यातूनच शिकते : 'क' कमळाचा, 'ग' गणपतीचा.

थाई वर्णमाला : 44 व्यंजने, त्यांतली 2 आता वापरात नाहीत. चित्राचा शब्द अक्षराच्या नावातच असतो. पहिले 'को काय', म्हणजे कोंबडी. दुसरे 'खो खाय', म्हणजे अंडे. (आधी कोंबडी की अंडे, हा वाद तिथे मिटलेला!)

'ङ'ची पंचाईत : मराठीत या अक्षराने सुरू होणारा शब्द नाही, म्हणून चित्रही नाही. थाईत अडचण नाही : 'ङो ङू'. ङू म्हणजे साप. अक्षराचे वळणही सापासारखेच.

नाते : दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या कुळातल्या, क-वर्ग, च-वर्ग हा क्रम दोन्हीकडे.

शेवटचे अक्षर : मराठीत 'ज्ञ', ज्ञानेश्वरांचा. थाईत 'हो नोक-हूक', घुबडाचा.