कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे मूळचे कर्नाटकातील मूडबिद्रीचे. ते स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार करत ते खेडोपाडी फिरले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा नाही, हे दुखणे त्यांना तिथेच जवळून दिसले.

1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीत जेवत, स्वयंपाक आणि शेतीची कामे मिळून करत. त्या काळात ही पंगत कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठे काम होते. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचा हा वाटा आजही पुरेसा सांगितला जात नाही.

1935 मध्ये अध्यापक विद्यालय, 1947 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे गरीब मुले श्रमाच्या बळावर पदवीपर्यंत पोहोचली. 1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.