अम्मीला 'ही' म्हणणारी मुलं

मंगरूळपीरकडच्या एका गावातली आमची एक माजी विद्यार्थिनी. वडील नाहीत, अम्मीने लोकांचे कपडे शिवून तिला पदवीपर्यंत नेलं. गेल्या वर्षी ती एका खाजगी शाळेत नोकरीच्या मुलाखतीला गेली. घरच्यांबद्दल इंग्रजीत विचारलं तेव्हा तिने अभिमानाने सांगितलं, 'माय मदर वर्क्स हार्डली. ही स्टिचेस क्लोद्स.' समोरचे हसले. पुढच्या एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर आम्हाला विचारलं, "सर, अम्मीबद्दल मी असं काय बोलले?"

ऐकणाऱ्यांच्या कानावर पडलं ते साधारण असं : माझी आई क्वचितच काही काम करते, आणि तो कपडे शिवतो.

या मुलीला सर्वनाम, विशेषण, क्रियाविशेषण यांच्या व्याख्या तोंडपाठ होत्या. उर्दूतल्या ज़मीर आणि सिफ़तही तिने शाळेत केल्या होत्या. चूक नेमकी कुठून येते, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. म्हणून हा लेख.

आधी 'ही' घेऊ. आपल्या बहुतेक घरांत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. उर्दूत 'वो' एकच, बाईलाही आणि पुरुषालाही. वो आया की वो आई, हे क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत उलट. तिथे 'केम' दोघांनाही एकच, त्यामुळे बाई की पुरुष हे सांगायचं सगळं ओझं 'ही' आणि 'शी' या एवढ्याशा शब्दांवर येतं. ज्या मुलाला लहानपणापासून हा फरक वाक्याच्या शेवटी करायची सवय आहे, ते वाक्याच्या सुरुवातीला हाताला येईल तो शब्द उचलतं. त्यात मराठीची गंमत अशी, की मराठीत 'ही' म्हणजे बाई : ही मुलगी, ही मावशी. आणि 'शी' म्हणजे काय ते सांगायला नको. दुसरीच्या वर्गात आम्ही 'शी' म्हटलं की मागच्या बाकापर्यंत हशा पिकतो. लाजरी मुलं मग तो शब्द टाळतातच.

खरं तर तो-ती वेगळं ठेवणं मुलांना येतं. मराठीत ती रोज ठेवतात, मदरशात अरबीचा धडा सुरू झाला की 'हुव' आणि 'हिय' वेगळे शिकतात. तेच बोट धरून 'ही' आणि 'शी'पर्यंत नेलं तर आठवड्याभरात जमतं. मराठी घरातल्या मुलांची चूक वेगळी असते. खुर्ची ती, म्हणून 'शी इज ब्रोकन'. निर्जीवाला 'इट', हे त्यांना वेगळं सांगावं लागतं.

अब्बांच्या बाबतीत आणखी एक अडचण. अब्बा आले, अब्बा आए. आदर म्हटला की आपल्या दोन्ही भाषांत अनेकवचन. मूल लिहितं, 'माय फादर आर अ फार्मर.' ते चुकलं खरं, पण बेअदबी नको म्हणून चुकलं. अब्बांना 'ही' म्हणताना अडखळणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यांना ते 'तू' म्हटल्यासारखं वाटतं. इंग्रजीत आदर सर्वनामात बसत नाही, तो 'सर', 'प्लीज', 'कुड यू' अशा शब्दांत असतो, एवढं सांगितलं की ती मोकळी होतात.

आता 'हार्डली'. मराठीत तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. उर्दूत वो अच्छा खेलती है. म्हणजे जो शब्द मुलाचं वर्णन करतो, तोच खेळण्याचंही करतो. इंग्रजीत माणूस 'गुड' आणि त्याचं खेळणं 'वेल'. मग शिक्षक सांगतात, विशेषणाला 'ली' लावा म्हणजे क्रियाविशेषण होतं. 'स्लो'चं 'स्लोली' होतं, 'क्विक'चं 'क्विकली' होतं, आणि आमची विद्यार्थिनी त्याच नियमाने 'हार्ड'चं 'हार्डली' करते. पण 'हार्ड', 'फास्ट', 'लेट' हे शब्द दोन्ही कामं तशीच्या तशी करतात. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'लेटली' म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे. उलट 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांना 'ली' असूनही ती विशेषणंच. नियम अर्धा सांगितला की तो असा उलटतो. बिर्याणीचा वास छान येतो, हे सांगताना पुन्हा 'स्मेल्स गुड', कारण तिथे वर्णन बिर्याणीचं आहे, हुंगण्याचं नाही.

'टू' आणि 'व्हेरी'चंही असंच. चहा फार गरम आहे, यात तक्रार आहे की कौतुक, हे आपल्याला बोलण्याच्या सुरावरून कळतं. इंग्रजीत 'टू हॉट' म्हटलं की पाहुण्याने कप खाली ठेवला असं समजावं.

शब्दांच्या रांगेतही घोटाळा होतो. माझी ती जुनी सायकल, मेरी वो पुरानी साइकिल. आपल्याकडे दोघं शेजारी बसतात. इंग्रजीत 'माय' आणि 'दॅट' यांच्यासाठी बाक एकच, एकाने बसायचं. म्हणून 'दॅट ओल्ड सायकल ऑफ माईन'. एरवी विशेषण नामाच्या आधी, आपल्यासारखंच. अरबीत ते नंतर येतं : हजरे अस्वद, आधी दगड आणि मग काळा. मुलांना हे उदाहरण लगेच पटतं, कारण शब्द घरचा असतो. पण 'समथिंग'सारखं सर्वनाम आलं की इंग्रजीतही विशेषण मागे जातं : 'समथिंग न्यू'. काहीतरी नवीन, कुछ नया, हुबेहूब आपलाच क्रम. तरी नियम घोकलेली मुलं 'न्यू समथिंग' लिहितात. घरच्या भाषेवर विसंबली असती तर बरोबर आली असती!

एक गोष्ट इंग्रजीला जमत नाही, तीही मुलांना सांगावी. लेखभर आम्ही 'आम्ही' लिहितो आहोत आणि मध्येच 'आपण' म्हणतो. 'आम्ही'त वाचक बाहेर असतो, 'आपण'मध्ये आत. इंग्रजीच्या 'वी'ला हा भेद ठाऊक नाही.

आमचा जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वेळची पहिलीतली मुलं आज स्वतः आईबाप आहेत. सोयाबीनचा पैसा हातात आला की त्यातली किती तरी मंडळी तो थेट इंग्रजी शाळेच्या फीत भरतात, आणि घरी बजावतात, उर्दू नको, मराठी नको, इंग्रजीत बोल. फी भरावी, आमची हरकत नाही. पण घरच्या भाषा बंद केल्या की मुलाला चूक तपासायला जागाच उरत नाही. मुलाने 'ही' म्हटलं तर हसू नका. "कोण, अब्बा की अम्मी?" एवढंच विचारा. ते स्वतः दुरुस्त करतं.

त्या मुलीसोबत आम्ही सुट्टीत महिनाभर बसलो. परवा ती दुसऱ्या शाळेत मुलाखत देऊन आली. निकाल अजून लागायचा आहे. तिथे घरच्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने आपणहून सांगितलं, 'माय मदर इज अ टेलर. शी वर्क्स हार्ड.' आम्ही घरी गेलो तेव्हा ती हेच अम्मीला समजावत होती. अम्मीने मशीनवरून मान वर न करता विचारलं, "हार्ड बोले तो सख़्त ना?"